ब्रेक लागला होता

कापसाच्या त्या वाईट वर्षांत यवतमाळ जिल्ह्यात एक पीक मात्र हमखास येत असे, ते म्हणजे शिबिरांचे. शेतीचे काही जमेना म्हटल्यावर बाहेरच्या मंडळींनी आमच्या पोरांचा आत्मविश्वास वाढवायला घेतला. व्यक्तिमत्त्व विकास, योग, नेतृत्वगुण, निसर्ग-अभ्यास. लोक कापसाला भाव मागत होते आणि त्यांना मंडप, सतरंज्या आणि मार्गदर्शन मिळत होते. हे मी रागाने लिहीत आहे, पण चुकीचे लिहीत नाही. तेव्हा मी एका दैनिकाच्या यवतमाळ कचेरीत वार्ताहर होते आणि या उद्घाटनांच्या बातम्या मीच देत असे.

त्यातले एक शिबिर मला मनापासून आवडायचे. घाटंजीच्या बाजूला तलावाकाठी एका संस्थेची स्वतःची जागा होती. उन्हाळ्यात तिथे शाळेतली मुले तुकड्या-तुकड्यांनी राहायला येत, तंबूत झोपत, पक्षी ओळखायला शिकत, दोरावरून ओढा ओलांडत. मुले येण्याआधी आम्ही स्वयंसेवक जाऊन जागा तयार करायचो. कॉलेजात असल्यापासून मी जात होते. नोकरी लागल्यावरही रजा टाकून जाई.

त्या वर्षी अवकाळी वादळात तिथला मोठा कडुनिंब तंबूंच्या मैदानावर आडवा झाला. बुंधा दोघांच्या कवेत मावणार नाही एवढा. त्याच्या फांद्यांखाली आणखी लहान झाडे दबलेली. कुऱ्हाडींनी तोडायला घेतले असते तर सगळा उन्हाळा गेला असता. संस्थेला एका साहेबांनी चेनसॉ भेट दिला. आमच्याकडे त्याला 'कटर मशीन' म्हणतात. पेट्रोलवर चालणारी, हातात धरायची. पुढे लांब पट्टी आणि पट्टीच्या कडेने दातेरी साखळी फिरते. साहेबांची एकच इच्छा होती. मशीनची पूजा त्यांच्या पत्नीच्या हस्ते व्हावी आणि त्याचा फोटो पेपरात यावा.

शिकवायला नेरहून मिस्त्री आले. नेरला बस स्टँडजवळ त्यांचे पंप आणि फवारणी यंत्रांचे दुकान होते. कटर मशीनचे प्रशिक्षण त्यांनी नागपूरला घेतले होते आणि ते घेतल्याचे ते कुणाला विसरू देत नसत. काळा चष्मा, खिशाला पेन, दाढीला मेंदी. सगळे त्यांना चाचा म्हणत. फार बोलायचे, अर्धे स्वतःबद्दल. त्यांच्या डाव्या अंगठ्यावर एक जाड व्रण होता. तो कसा झाला हे प्रत्येक वेळी वेगळे सांगत.

पण एक गोष्ट त्यांनी आम्हाला पाठ करायला लावली. मशीनच्या पुढच्या मुठीसमोर प्लास्टिकची एक ढाल असते, हाताच्या पंजासारखी. ती मागे ओढलेली असेल तर साखळी फिरते. पुढे ढकलली की साखळी तिथल्या तिथे थांबते. पट्टीचे टोक कुठे अडकले की मशीन उसळते, थेट माणसाच्या तोंडाकडे. त्या झटक्यात मनगट ढालीवर आपटते, ढाल पुढे जाते आणि ब्रेक लागतो.

"मशीन उसळली का तुमाले इचार कराले टाइम नाई," चाचा म्हणाले. "डोयाची पापणी लवाच्या आत काम होते. इचार कोन करते? हा पंजा करते. म्हनून चालू करायच्या आधी हरेकानं पंजा पुढं ढकलायचा, मांगं ओढायचा. टक आवाज आला पाह्यजे. मंग मोठ्यानं म्हनायचं, ब्रेक."

"आनि नाई आला आवाज तं?" एकाने विचारले.

"तं मशीन खाली ठेवायची, अन् घरी जाऊन झोपायचं."

सगळे हसले. एक मुलगी मात्र हसली नाही. ती बोरी अरबजवळच्या बंजारा तांड्यावरची, दारव्ह्याच्या कॉलेजात शिकणारी. अंगाने बारीक, उंच. स्वयंसेवकांत तिला काही वर्षे झाली होती आणि दोर, तंबू, खुंट्या, कुदळी यांत तिचा हात कुणी धरू शकत नव्हते. सरांनी, म्हणजे शिबिराच्या प्रमुखांनी, तिला शब्द दिला होता. मशीन नीट चालवता आली तर तिला पूर्ण उन्हाळा अवजारप्रमुख म्हणून ठेवायचे. राहणे, जेवण आणि थोडे मानधन. शिवाय शेवटी संस्थेचे पत्र, की हिला यंत्र चालवता येते. वनखात्याच्या भरतीचे तिच्या डोक्यात होते. पत्र तिथे कामाला येईल असे तिला वाटत होते. नाहीतर पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, उपटायला जाणे होतेच. ती मला म्हणाली होती, "ताई, पऱ्हाटी उपटून हाताले घट्टे पडतात, अन् ते घट्टे कोनतंच खातं पाहत नाई."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाचांनी आमची परीक्षा घेतली. पाय कसे ठेवायचे, पट्टीच्या रेषेत उभे राहायचे नाही, डावे कोपर ताठ, अंगठा मुठीला गुंडाळलेला. मी नापास झाले. माझे डावे कोपर ताठ राहत नव्हते. दोन मुलगे कसेबसे पास झाले. ती पहिली आली आणि चाचांनी आपला चष्मा काढून तिच्याकडे पाहिले. त्यांच्या बाबतीत हा मोठा सत्कार होता.

"कोनाची पोरगी हाय वो हे?" त्यांनी विचारले.

"माह्या याडीची," ती म्हणाली. याडी म्हणजे आई.

त्यानंतर पूजा झाली.

साहेबांची गाडी आली, मागे आणखी गाड्या. मंडपात खुर्च्या. चेनसॉ पाटावर ठेवला होता, खाली नवा टॉवेल. हळद, कुंकू, हार, नारळ. वहिनींनी, म्हणजे साहेबांच्या पत्नींनी, मन लावून पूजा केली. मी त्यांना दोष देत नाही. आमच्याकडे ट्रॅक्टर आला, पिठाची गिरणी आली, कचेरीत नवा संगणक आला तरी पूजा होते. मी स्वतः आमच्या कचेरीतल्या फॅक्स मशीनला कुंकू लावलेले आहे. पूजेच्या शेवटी नाडा बांधतात, लाल-पिवळा सुती दोरा. ट्रॅक्टरला तो स्टिअरिंगला बांधतात. चेनसॉला कुठे बांधायचा? वहिनींनी पाहिले. पुढची मूठ आणि तिच्यासमोरची ढाल, मध्ये बोटभर फट. दोरा घालायला जागा आपसूक मिळत होती. त्यांनी मूठ आणि ढाल एकत्र धरून नाडा गुंडाळला. गुंडाळी संपेपर्यंत गुंडाळला आणि गाठीवर गाठ मारली. कॅमेरे चमकले. आमच्या फोटोग्राफरने तो क्षण अचूक टिपला.

ढाल मुठीला बांधली गेली होती. आता ती पुढे जाणार नव्हती.

चाचा मंडपाच्या कडेला उभे होते. त्यांनी पाहिले. ते सरांच्या मागे गेले आणि हळू आवाजात काही बोलले. सर पाहुण्यांकडे बघून हसत होते. त्यांनी हसणे न मोडता मान हलवली. नंतर, असा अर्थ.

भाषणे झाली. साहेब म्हणाले, या यंत्राने युवकांच्या मनातले नैराश्याचे झाड मुळासकट कापले जाईल. मी ते वाक्य लिहून घेतले. तेच माझे काम होते. मग सर म्हणाले की आता पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक होईल. तिने हेल्मेट चढवले, तोंडावरची जाळी खाली घेतली, मशीन उचलली आणि कडुनिंबाकडे गेली. शिकवल्याप्रमाणे तिने ढाल पुढे ढकलली. ढाल हलली नाही. आवाज आला नाही.

तिने मशीन खाली ठेवली.

"काय झाले?" सरांनी विचारले.

"सर, ब्रेक बांधलेला हाय."

"तो नाडा आहे."

"हो सर. त्यानंच बांधला हाय. सोडा लागते."

सरांनी आवाज खाली आणला. निवृत्त मुख्याध्यापकाचा खाली आणलेला आवाज वरच्या आवाजाहून वाईट असतो. "शिबिर संपेपर्यंत तो काढायचा नसतो. आत्ताच बांधला आहे. त्या समोर बसल्या आहेत. दोन मिनिटे चालवून दाखव, एवढेच."

"दोन मिनिटात बी उसळू शकते, सर."

चाचा पुढे आले. त्यांच्या हातात खिशातला छोटा चाकू होता, उघडलेला. "सर, एक गाठ कापतो. दुसरीकडं बांधून देऊ, मांगच्या मुठीले. तितकाच मान राह्यते."

सर म्हणाले, "तुम्ही हात लावू नका."

हे वाक्य मी जसेच्या तसे लिहीत आहे. त्यात शिवी नव्हती. आवाज चढलेला नव्हता. सर हे चाचांनाच का म्हणाले, ते मंडपातल्या प्रत्येकाला कळले. त्यापूर्वी याच हातांनी मशीन खोक्यातून काढली होती, जोडली होती, तिच्यात तेल घातले होते. तेव्हा कुणाची हरकत नव्हती. पूजेनंतर ते हात एका मुसलमान मिस्त्रीचे झाले. मला त्या दिवसाचा सगळ्यात जास्त राग या एका वाक्याचा आहे, आणि तो अजून कमी झालेला नाही.

चाचांनी चाकू मिटला. "हात नाई लावत, सर," ते म्हणाले. "पोरीचे हात राहावे म्हनून सांगून राह्यलो." आणि ते मागे सरले, चष्मा लावून. नेरला त्यांना दुकान चालवायचे होते.

मी सरांना म्हणाले, ढाल अडकली तर अपघात होऊ शकतो, काल आम्हाला हेच शिकवले. सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही बातमीदार म्हणून आल्या आहात की स्वयंसेवक म्हणून, ते आधी ठरवा." पास झालेल्या मुलांपैकी एक तोवर हातमोजे घालू लागला होता. पाहुण्यांसमोर मशीन चालवायची संधी त्याला दिसत होती. सरांनी त्याला खूण केली.

तेव्हा ती स्वयंपाकाच्या तंबूकडे गेली. परत आली ती हातात सुरी घेऊन. चाचा तिला आपला चाकू द्यायला लागले होते, पण ती जाता-जाताच म्हणाली होती, "तुमचा नको चाचा. तुमच्यावर आळ येईन." कांदे चिरायची सुरी होती. तिला सालपट चिकटलेले होते. तिने ते झटकले, वाकून मशीनला नमस्कार केला आणि नाडा कापला. दोरा पक्का होता, दोन-तीनदा ओढावी लागली सुरी. तुकडे तिने गोळा केले, पूजेच्या ताटात नारळाजवळ ठेवले. मग ढाल पुढे ढकलली.

टक.

"ब्रेक," ती मोठ्याने म्हणाली.

कुणाला काही सुचण्याआधी तिने ढाल मागे ओढली होती आणि मशीन चालू झाली होती. त्या आवाजात सर काय म्हणाले ते कुणाला ऐकू आले नाही. तिने बाजूच्या फांद्या कापायला घेतल्या. भुसा उडत होता, कडूशार वास सुटला होता. पाहुणे उभे राहून पाहू लागले. एक फांदी गेली, दुसरी गेली. तिसरीच्या मागे दबलेल्या झाडाचा एक बुडखा पाल्यात झाकलेला होता. पट्टीचे टोक त्याला लागले.

मी तिच्या डाव्या बाजूला होते, शिकवलेल्या अंतरावर. मशीन उसळली. पट्टी वर आली, तिच्या हेल्मेटच्या जाळीपर्यंत, वीतभर राहिले असेल. पण वर आली ती थांबलेल्या साखळीसह. मनगट ढालीवर आपटले होते, ढाल पुढे गेली होती. तिने बोटाने बटण बंद केले, मशीन खाली ठेवली आणि बुंध्यावर बसली. जाळीमागे तिचा चेहरा पांढरा पडला होता. मैदानात एकदम शांतता झाली.

या शांततेत मंडपातून एक बाई म्हणाल्या, "पडली ना बंद? नाडा कापला न् लगेच पडली."

मागचे सगळे लांब होते. पट्टी वर आलेली त्यांना पाल्याआड दिसली नव्हती. त्यांना एवढेच कळले होते की मशीन चालता चालता थांबली. क्षणभरात मंडपभर तेच झाले. नवी कोरी मशीन, पूजा झालेली, नाडा कापताच बंद पडली. तिचे तोंड ज्याने वाचवले तोच अपशकुनाचा पुरावा ठरला.

"बंद नाई पडली," ती उठून म्हणाली. "म्या बंद केली. उसळली होती. ब्रेक लागला."

"बरोबर हाय," चाचा म्हणाले. "ब्रेकच लागला. म्या पाह्यलं."

"तुम्ही थांबा जरा," सर म्हणाले.

पाहुणे गेल्यावर सरांनी तिला कचेरीच्या खोलीत बोलावले. मीही गेले. सर म्हणाले, वहिनींना फार वाईट वाटले आहे, त्यांना चिठ्ठी लिही. ती म्हणाली लिहिते, त्यांचा अपमान करायचा नव्हता. सर म्हणाले, आणि त्यात हेही लिही की तुझ्याकडून मशीन बंद पडली.

"हे नाई लिहीत, सर."

"का?"

"तसं झालंच नाई."

"एवढ्याशा गोष्टीसाठी तू उन्हाळा घालवतेस?"

"एवढीशी कशी, सर? लेकरं येनार हायेत इथं. उद्या कोनी मले इचारलं, ताई, हा पंजा कायले असते, तं काय सांगू? नाडा बांधाले?"

सरांनी तिला संध्याकाळच्या बसने परत पाठवले. शिस्तभंग, असे कारण सांगितले. मी त्यांना पुन्हा सांगितले की मी शेजारी उभी होते, मी पाहिले. ते म्हणाले, "काही झाले का तिला? नाही ना? मग पाहिले काय तुम्ही?"

मी त्याच संध्याकाळी घाटंजीच्या एसटीडी बूथवरून बातमी दिली. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यातून फोन गेला की मुख्य कचेरीतला उपसंपादक एकच शब्द विचारायचा. किती? कशाचे किती, हे दोघांनाही माहीत असायचे. त्या दिवशीही त्याने विचारले, "किती?"

"एकही नाही," मी म्हणाले. "एक मुलगी वाचली. तिला हाकलून दिले." आणि सगळे सांगितले.

त्याने ऐकून घेतले. वाईट माणूस नव्हता. "म्हणजे अपघात झाला नाही."

"नाही."

"मग बातमी काय आहे यात?"

"ब्रेक लागला ही बातमी आहे."

"हे बघ, अपघात झाला असता तर पहिल्या पानावर घेतली असती. फोटो आलाय चांगला. ओळ दे त्याला."

ओळ मी दिली नाही. त्यांनी दिली. तिसऱ्या दिवशी फोटो छापून आला. वहिनी, चेनसॉ, आणि ढालीभोवती गुंडाळला जाणारा नाडा, एकेक वेढा मोजता येईल इतका स्पष्ट. खाली लिहिले होते, तरुणाईच्या हाती नवे बळ.

हातमोजे घालणाऱ्या त्या मुलाने उरलेला कडुनिंब कापला. ढाल मोकळीच होती, कारण नाडा तर तिने कापला होता, आणि पुन्हा बांधायला वहिनी येणार नव्हत्या. म्हणजे त्या उन्हाळ्यात ज्याच्या हाती ती मशीन आली त्या प्रत्येकाचे तोंड त्या मुलीने राखले. याचा कुठे उल्लेख झाला नाही. पुढच्या वर्षी संस्थेच्या नियमांत एक नवा नियम आला, की सुरक्षेच्या कारणास्तव मुलींनी यंत्र हाताळू नये. चाचांना पुन्हा बोलावणे गेले नाही. मीही त्यानंतर त्या तलावावर गेले नाही.

बऱ्याच काळाने, निवडणुकीच्या कामासाठी फिरताना, बोरी अरबच्या बाजारात ती भेटली. मागे फवारणीचा पंप बांधलेली सायकल, कडेवर मूल. वनखात्याची भरती तिने दिली होती, धावण्यात पास झाली होती, पुढे काही झाले नव्हते. ती चाचांकडून पंप दुरुस्तीचे काम शिकली होती आणि तांड्या-तांड्यांवर फिरून पंप दुरुस्त करत होती. तो फोटो चाचांनी दुकानात काचेखाली लावला होता. कटर मशीन घ्यायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते विचारत, यात चूक दाखव.

"दाखवतात?" मी विचारले.

"एकानं सांगतलं, बाईनं मंगळसूत्र आत टाकाले पाह्यजे होतं." ती हसली. मूल तिने दुसऱ्या कडेवर घेतले.

"ताई, एक इचारू? त्या दिवशी तुम्ही पाशीच होत्या. खरंच ब्रेक लागला होता ना? सारे म्हनत होते बंद पडली, बंद पडली. तांड्यावर बी तेच आलं. माह्या सासरी बी तेच सांगतलं कोनी. कधी कधी मलेच वाटते का माह्याकडूनच बंद पडली असन."

मला तेव्हा जो राग आला तो बाजारात दाखवण्यासारखा नव्हता. आम्ही तिचा उन्हाळा घेतला, पत्र घेतले, आणि एवढ्यावर भागले नाही म्हणून तिने स्वतःच्या मनगटाने केलेली गोष्टही तिच्याकडून काढून घेतली होती.

"ब्रेक लागला होता," मी म्हणाले. "मी पाहिले."

"मंग लिहा ना तसं कुठं," ती म्हणाली. "पेपरात नाई घेतलं तं दुसरीकडं लिहा."

म्हणून हे लिहिले आहे. मशीन बंद पडली नव्हती. तिने नाडा कापला होता म्हणून ढाल मोकळी होती, ढाल मोकळी होती म्हणून ब्रेक लागला, आणि मशीन तिने स्वतः बंद केली.